बारशाआधीचे दात

दोन दात होते. खालच्या हिरडीत, अगदी समोर, एकमेकांना खेटून. एक पांढरा, दुसरा पिवळट तपकिरी. लेकीला पहिल्यांदा अंगावर घेतलं तेव्हा सिस्टरनी तिची हनुवटी जरा खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, "ताई, हिला दात हायत की ओ." सिझेरियनची गुंगी पुरती उतरली नव्हती, मी नुसतीच हसले. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही.

आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, ऐंशीच्या पुढची. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात तिचा शब्द अजून चालतो. ती खाटेजवळ आली, दात बोटाने चाचपला आणि हात पदराला पुसत म्हणाली, "मामाला जड असतंय हे. बारशाच्या आत काढून टाका, मी सांगतो तुम्हाला." वरचे दात आधी आले तर मामाला जड, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आजीने दात घेऊन जन्मणंही त्याच खात्यावर टाकलं.

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. त्याला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "रोज भट्टीसमोर उभा असतोय मी, दोन दातांनी मला काय हुतंय?" पण संध्याकाळी आला तो गुजरीतल्या सराफाकडून चांदीचं बोंडलं, बाळाला पाजायचं चोचीचं भांडं, घेऊनच. आईने सांगितलं होतं म्हणे. मामाने चांदी दिली की दोष उतरतो, असं आमच्याकडे मानतात. मी ते बोंडलं कपाटात ठेवून दिलं. पुढे ते इतकं कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ राउंडला आले. मला वाटलं, आधी तोंड बघतील. त्यांनी आधी हाताची बोटं मोजली, मग पायाची. नखं निरखली. स्टेथोस्कोप छातीवर बराच वेळ ठेवला. मग तोंडात बोट घालून टाळू चाचपली, फाट आहे का बघायला. दात सगळ्यात शेवटी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, बहुतेक बाळांत असे दात एकटेच येतात, बाकी काही नसतं. पण क्वचित ते दुसऱ्या कशाची तरी खूण असतात. एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड नावाच्या सिंड्रोममध्ये हाताला जादा बोट असतं आणि हृदयातही दोष असू शकतो. पॅक्योनिचिया कन्जेनिटा नावाच्या आजारात नखं जाड होत जातात. "तुमच्या मुलीत यातलं काही दिसत नाही. ही नुसतीच घाईची आहे."

जन्मताच असतात त्यांना नेटल टीथ म्हणतात, पहिल्या महिन्यात उगवतात त्यांना निओनेटल. दोन-तीन हजार बाळंतपणांत एखाद्या बाळाला असे दात असतात, असं साधारण धरतात. म्हणजे फार नवलाचं नाही. कोल्हापूरसारख्या शहरात वर्षाला कितीतरी जन्मत असतील, फक्त कुणी बोलत नाही.

घरात सगळ्यांचा एकच प्रश्न होता, काढायचे कधी? येणारा-जाणारा विचारायचा. सासूबाई कागलहून आल्या, त्यांनीही तेच विचारलं. पाचवी पुजायच्या सुमारास दबाव एवढा वाढला की नवरा आणि आई बाळाला घेऊन जवळच्याच एका दवाखान्यात गेले. तिथल्या डेंटिस्टनी दात हलवून बघितला आणि म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, आत्ताच काढून देतो. नशीब, नवऱ्याने तिथूनच बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच. दहा दिवसांच्या आत नको!

कारण असं. रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जंतू ते थोडंफार तयार करतात. नवजात बाळाच्या आतड्यात ते जंतू अजून नीट वसलेले नसतात, आणि आईच्या दुधातूनही के फार कमी मिळतं. म्हणून दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला जन्मताच मांडीत त्याचं इंजेक्शन देतात. ते दिलंय की नाही याची खात्री नसेल तर दहा दिवस थांबायचं, नाहीतर एवढ्याशा जखमेतून रक्त वाहत राहू शकतं. आमच्या डिस्चार्ज कार्डावर 1 मिलिग्रॅम दिल्याची नोंद होती, तरी डॉक्टर म्हणाले, घाई कशाला? त्या डेंटिस्टनी कार्ड मागितलंच नव्हतं. ज्यांच्या घरी हा प्रकार होईल त्यांनी कार्डावरची ती ओळ स्वतः शोधून ठेवावी.

बालरोगतज्ज्ञांनीच राजारामपुरीतल्या एका बालदंततज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर वेगळे असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. वेटिंग रूममध्ये सगळी चॉकलेटने दात किडलेली पोरं, आणि त्यात आम्ही टोपडं घातलेलं बाळ घेऊन. शेजारची बाई मला म्हणाली, "दाखवायला मोठ्याला आणलंय काय?"

मॅडमनी खुर्ची वापरलीच नाही. माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या, गुडघ्याला गुडघे लावून. बाळाचं डोकं त्यांच्या मांडीवर, पाय माझ्याकडे. आणि तोंड उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "दूध कसं पिते?" किती वेळ पिते, मध्येच सोडून रडते का, वजन किती होतं, आता किती आहे, जिभेखाली लाल दिसलं का. आठवडाभर सगळेजण दातांबद्दल बोलत होते. दूध कसं चाललंय हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. मग सांगितलं, दात ठेवायचा की काढायचा हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. तो किती हलतो, बाळाची जीभ सोलली जाते का आणि दूध पिणं अडतं का.

मला वाटत होतं, दातांचा त्रास मला होईल, चावे बसतील. मॅडम म्हणाल्या, नीट लागलेलं बाळ दूध पिताना जीभ खालच्या हिरडीवरून पुढे काढतं. म्हणजे दात आणि आई यांच्यामध्ये जीभ असते. आईला सहसा लागत नाही, लागतं ते जिभेला.

पिवळट दात बोटाच्या टोकाने सगळ्या बाजूंना हलत होता, वरखालीसुद्धा. पांढरा मात्र बराच घट्ट. एक्स-रे काढायचं ठरलं. एवढ्याशा बाळाचा एक्स-रे म्हटल्यावर माझा जीव खाली-वर झाला. नवऱ्याला शिशाचा एप्रन घातला, त्याने तिला धरलं, छोटी फिल्म तोंडात, आणि क्षणात झालं. हे बघायचं कशासाठी, तर हे दात तिच्या वीस दुधाच्या दातांपैकी आहेत की वरचे जादा. जादा असेल तर तो काढायला फारसा विचार करावा लागत नाही, खाली खरा दात वाट बघत असतो. पण असे नव्वद टक्क्यांहून जास्त दात त्या वीसांतलेच असतात, आणि बहुतेक वेळा खालचे समोरचेच. आमच्याही फिल्मवर खाली दुसरा दुधाचा दात दिसत नव्हता. म्हणजे हेच तिचे खरे दात. काढला की त्या जागी सहा-सात वर्षांपर्यंत काही येणार नाही.

दुधाचे दात पोटातच घडायला लागतात, गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यापासून. चौथ्या महिन्यात त्यांच्यात चुना भरायला लागतो. जन्माच्या वेळी हिरडीखाली वीसच्या वीस दातांचे डोक्याकडचे भाग कमी-जास्त तयार असतात. आमच्या बाळाचे दोन कोंब हिरडीत जरा वरच्या बाजूला बसले होते, म्हणून वेळेआधी बाहेर पडले. मुळं बनायचीच होती. वरचं इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण कवच, तेही पातळ, म्हणून तो तपकिरी रंग. भावाने मोबाइलवर एक्स-रेचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "लोखंड थंड व्हायच्या आत साचा फोडलाय." मॅडमच्या सगळ्या समजावण्यापेक्षा आमच्या घरात हे वाक्य जास्त पोचलं.

निर्णय झाला. हलणारा काढायचा, घट्ट ठेवायचा. असा दात निसटून श्वासनलिकेत जाईल, ही भीती आम्हाला प्रत्येकाने घातली होती. मॅडम म्हणाल्या, ही भीती घालतात सगळे, प्रत्यक्षात तसं घडल्याचं फारसं वाचायला मिळत नाही. तरी एवढा हलणारा दात मी ठेवणार नाही. तारखेवरून मात्र घरात वाजलं. आजीला दोन्ही दात बारशाच्या आत जायला हवे होते, पाहुण्यांनी बघायला नकोत. शेवटी दहा दिवस उलटल्यावरची, पण बारशाच्या आधीची सकाळ मिळाली. एक दात राहणार हे आजीला सांगायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. तो कागलला शाळेत इतिहास शिकवतो. त्याने तिला फ्रान्सच्या चौदाव्या लुईची गोष्ट सांगितली, 1638 मध्ये दोन दात घेऊन जन्मला आणि बहात्तर वर्षं राज्य केलं. आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्याच्या मामाचं?"

नवरा गप्प बसला. मला रात्री सांगितलं. लुईचा मामा म्हणजे स्पेनचा राजा चौथा फिलिप. भाचा जन्मला तेव्हा दोन्ही राज्यांची लढाई चालूच होती, ती 1659 ला मिटली, मामाला मुलूख सोडावा लागला आणि पुढच्या वर्षी स्वतःची मुलगी भाच्याला द्यावी लागली. मामाची पोरगी! हे आजीला आम्ही आजतागायत सांगितलेलं नाही.

दात काढायला खरंच वेळ लागला नाही. हिरडीवर बधिर करणारं औषध लावलं, मागे जिभेवर गॉजचा बोळा धरला, दात घशाकडे जाऊ नये म्हणून. चिमट्याने दात आला. मला वाटलं झालं, पण मॅडमनी त्या जागी आत जरा खरवडलं. दात घडवणाऱ्या पेशी तिथे शिल्लक राहिल्या तर पुन्हा काहीतरी वेडावाकडा तुकडा उगवू शकतो, म्हणून. बाळ रडलं ते मुख्यतः धरून ठेवल्यामुळे. गॉज दाबून रक्त थांबल्याची खात्री झाल्यावर तिथेच आतल्या खोलीत मला पाजायला सांगितलं. दात घरी न्यायला दिला, बाहुलीच्या नखाएवढा. आईने तो कुठे ठेवला कुणास ठाऊक.

बारसं झालं. पाळण्यात वाकून सगळ्यांनी बघितलं, बाळ झोपलेलं, तोंड मिटलेलं.

खरा त्रास त्यानंतर. ऑगस्टचा पाऊस, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून वर चाललेली. घरातले पुरुष दर तासाला मोबाइलवर पाण्याची पातळी बघत होते, 43 ला धोका, भाऊ कारखान्यातच अडकतो की काय ही चिंता. मी बघत होते जीभ. बाळ लागायचं, दोन घोट घ्यायचं आणि किंचाळून सोडायचं. जिभेच्या टोकाखाली, बरोबर राहिलेल्या दाताच्या वर, पांढुरका चट्टा आणि भोवती लाल कड. रोज थोडा मोठा.

याला रीगा-फेडे म्हणतात. इटलीतल्या रीगा नावाच्या डॉक्टरांनी 1881 मध्ये त्याचं वर्णन केलं, फेडेंनी 1890 मध्ये. दाताच्या धारेवर जीभ पुन्हा पुन्हा घासून होणारी जखम, बाकी काही नाही. पण बाळ दूध सोडतं आणि वजन थांबतं. या वयाच्या बाळाचं वजन दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. आमचं वाढतच नव्हतं.

औषधाच्या दुकानात गेलेल्या माझ्या वडिलांना तिथल्या मुलाने दात येताना लावायची जेल दिली. मॅडमना फोटो पाठवला तर म्हणाल्या, लावू नका. अशा काही जेलमध्ये बेन्झोकेन असतं. त्याने लहान बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद एकदम कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्येच दोन वर्षांखालच्या मुलांना ती लावू नका असं बजावलंय. ती ट्यूब परत केली.

पाणी जरा उतरल्यावर रिक्षा करून राजारामपुरी गाठली. मला वाटलं होतं, आता हाही काढणार. आई तर मनाने तयारच होती. मॅडमनी बारीक चकतीने दाताची धार घासली आणि वर कॉम्पोझिटचा गोल थेंब बसवला, दातात भरतात तेच दाताच्या रंगाचं सिमेंट. पातळ इनॅमलवर ते टिकेल याची खात्री त्यांनी दिली नाही. म्हणाल्या, निघालं तर पुन्हा बसवू, आणि दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर मग काढू. तोपर्यंत जिभेला विश्रांती हवी. दूध काढून पाजा, पण बाटलीने नको, वाटी-चमच्याने.

वाटी-चमच्याने निम्मं दूध गळ्यावरून टोपड्यात. तेव्हा कपाटातलं बोंडलं आठवलं. रोज उकळून घ्यायचं, बाळाला जरा उठतं धरायचं आणि ओठाच्या कोपऱ्यातून धार सोडायची. घाई केली तर ठसका लागतो. हे काम आजीइतकं घरात कुणालाच जमलं नाही. मी पंप घेऊन बसायची आणि ती मांडी घालून तासतासभर पाजायची. दात का ठेवला म्हणून कुरकुरायची आणि पाजायची. कॉम्पोझिट एकदा निघालं, पुन्हा बसवलं. चट्टा हळूहळू आकसला. एका पहाटे बाळाने अंगावर पूर्ण दूध घेतलं, न रडता. मी कुणाला उठवलं नाही, नुसती घड्याळाकडे बघत बसले.

या फेऱ्यांत एकदा वेटिंग रूममध्ये गडहिंग्लजकडची एक मुलगी भेटली, माझ्यापेक्षा लहान. तिच्या बाळाच्या हिरडीवर आणि टाळूच्या मधल्या रेषेवर पांढरे टपोरे ठिपके होते. घरच्यांनी हे दातच म्हणून कपड्याने चोळून फोडायचा प्रयत्न केला होता, हिरडी लाल झालेली. मॅडम तिला समजावत होत्या. टाळूवरचे ते एपस्टीन पर्ल्स, हिरडीवरचेही तसलेच, आत केरॅटिन, म्हणजे नखांत-केसांत असतं ते प्रथिन, भरलेल्या बारक्या गाठी. कितीतरी नवजात बाळांना असतात, काही आठवड्यांत आपोआप जातात. फोडायचे नाहीत, मीठ चोळायचं नाही, मध तर लावायचाच नाही. आमच्या घरात तर आजीची मिश्रीची डबी. ती ज्या बोटाने मिश्री लावते त्याच बोटाने बाळाच्या हिरड्या चोळायला बघायची. त्या दिवशी घरी येऊन मी डबीच वरच्या फळीवर ठेवली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

सासूबाईंनी एक गोष्ट बरीच उशिरा सांगितली, जखम भरल्यावर. नवऱ्याच्या आत्यालाही जन्मतः दात होता. सुईणीने दोरा बांधून ओढला आणि घरातल्यांनी तो विषय बंद केला. आत्यांनाही बहुतेक माहीत नसावं. मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी केसपेपरवर नोंद केली. काही घरांत हे पिढ्यांतून येतं म्हणाल्या. मी सासूबाईंना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "बारशात कोण सांगतंय असलं?"

आता लेक दीड वर्षाची आहे. साधारणपणे खालचे मधले दात सहा ते दहा महिन्यांत येतात, वरचे मधले आठ ते बारा, दाढा वर्षानंतर. आमच्याकडे सहाव्या महिन्यात सगळ्यांच्या पोरांच्या दातांचं कौतुक चाललेलं असताना आमचा एकुलता एक दात तिथे होताच. बाकीचे आपापल्या वेळेला आले. राहिलेला आता मुळातही धरलाय, हलत नाही. रंग तपकिरीकडे झुकलाय आणि टोक झिजलंय. पातळ इनॅमलमुळे तो लवकर किडू शकतो, म्हणून दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढीच, आणि रात्री दूध पिऊन झोपली की ओल्या कापडाने पुसणं. हे शेवटचं मी रोज करते असं म्हणणार नाही.

फटीबद्दल मॅडमना चिंता नाही. समोरच्या एका दाताची जागा रिकामी राहिली तर जबड्याच्या वाढीला सहसा बाधा येत नाही, बोलण्यालाही नाही. कायमचा दात खालच्या हाडात वेगळा घडतो. जन्माच्या वेळी त्यात चुनाही भरलेला नसतो, म्हणून तेव्हाच्या एक्स-रेत तो दिसला नव्हता. सहाव्या-सातव्या वर्षी यायला हवा. शेजारचा आला आणि तो नाही आला तर परत फिल्म काढायची. तोवर ती हसली की लोक विचारतात, पडली का कुठे? सुरुवातीला मी सगळं सांगायची. आता "काढलाय" म्हणते आणि विषय बदलते. आजी शेजारी असली तर मात्र सगळी कथा ऐकावी लागते, बोंडल्यासकट.